बांधअण्णांस, वाचलेल्या वीस सेकंदांबद्दल

तीर्थस्वरूप बांधअण्णांस,
जोहोरची सामुद्रधुनी, मुक्काम दोन काठांच्या मध्ये.



पत्रास कारण की, तुमच्या अंगाखांद्यावरून सहकुटुंब पलीकडे जाणं दिवसेंदिवस सोपं होत चाललं आहे. ही तक्रार दोन्ही काठांच्या कुठल्याच खिडकीत घेईनात, म्हणून थेट तुम्हालाच लिहितो.

सिंगापूर आणि मलेशियातलं जोहोर बारू तुम्ही जोडता, म्हणून लोक तुम्हाला पूल म्हणतात. मला ते पटत नाही. उबीन बेटावरचा नि बुकित तिमाचा ग्रॅनाइट समुद्रात ओतून केलेला किलोमीटरभराचा भराव, त्याला साताऱ्याकडच्या माणसानं बांधच म्हणायचं. १९२४ साली तुमचं रीतसर उद्घाटन झालं तेव्हा दोन्हीकडे साहेबाचाच शब्द चालायचा. पुढे ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळं निघालं, आणि १९६७ पासून बांध ओलांडायला पासपोर्ट लागू लागला. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या की बांधावर काय काय उगवतं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आमच्या भावकीत वीतभर बांध कोरला म्हणून दोन पिढ्यांनी तारखा घेतल्या. तुमच्यावर नुसता शिक्का उगवला, हे सभ्यपणाचंच म्हणायचं.

त्या शिक्क्यानं आम्हाला रांग दिली आणि रांगेनं संसार सांभाळला, अण्णा. शनिवारी सकाळी आम्ही सिंगापूरहून जोहोर बारूला निघतो. किराणा, केस कापणं, गाडी धुणं, वर डोसा. एका डॉलरला तीन रिंगिटहून जास्त मिळतात म्हटल्यावर काटकसरीलाही सहलीचा मान मिळतो. तुमच्या पाठीवर दोन दोन तास काढले तेव्हा चिरंजीवांचे एकोणीसपर्यंतचे पाढे पाठ झाले. घराचं कर्ज किती वर्षांचं घ्यायचं, हे आमच्या उभयतांत तिथंच ठरलं. गाडीतून उतरून निघून जायची सोय नसल्यामुळे भांडणंही तडीस जायची. रोज तीन लाखांहून जास्त माणसं तुमच्यावरून जातात; त्यांतल्या किती जणांचे संसार असे रांगेनं तारले असतील, ते तुम्हालाच ठाऊक.

मग १९ मार्च २०२४ उजाडला. त्या दिवसापासून सिंगापूरकडच्या वुडलँड्स आणि तुआसच्या नाक्यांवर मोटारीतल्या माणसांनी पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवला तरी चालू लागलं. एका कोडात दहा माणसं बसतात. सरकारी हिशेबानं चौघांच्या गाडीमागे सुमारे वीस सेकंद वाचतात, दहा जण असतील तर मिनिटभर. आम्ही चौघं. आमच्या वाट्याला वीस सेकंद आले.

ते कमावले कसे, तेही ऐका. सौ. आणि चिरंजीव सिंगापूरच्या लाल पासपोर्टवाले, मी भारताच्या निळ्या पासपोर्टचा पण इथला कायम रहिवासी, आणि आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेली. सौ.ला आणि चिरंजीवांना मलेशियाचा ऑनलाइन फॉर्म नको, मला आणि आईला हवा. परत येताना आम्हा तिघांना रस्त्यानं यायला सिंगापूरचा फॉर्म नको, आईला हवा. शिवाय तिचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे ना, ते बघायचं. सगळे फॉर्म तीन दिवसांच्या आतलेच चालतात, त्यामुळे आधी भरून निवांत बसायची सोय नाही. शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की मी टेबलावर चार पासपोर्ट मांडून बसतो, तलाठ्यापुढे सातबारे मांडतात तसे. दीड तासात मोकळा होतो. ‘रहिवासी आणि कुटुंबीय’ हे शब्द सरकारी कागदावर एका ओळीत सुखानं नांदतात. खिडकीपाशी पोचल्यावर मात्र रहिवासी पुढे निघतो आणि कुटुंबीय कुठल्या फॉर्मात बसतो, ते शोधावं लागतं.

नाक्यावर काच खाली केली. अधिकारी चेहरे बघतात म्हटल्यावर आईनं चष्मा काढला, पदर सारखा केला आणि फोटोला बसतात तशी ताठ बसली. पाच सेकंदांत गाडी सुटली. “झालं? एवढ्यासाठी पोरगा रात्री जागला?” असं तिनं सौ.ला विचारलं. तिला वाटलं, तपासणी अजून पुढेच आहे. तिचं चुकलं नव्हतं, कारण पुढच्या वळणावर गाड्या थांबलेल्या होत्या.

रांगेचं पाण्यासारखंच असतं. एकीकडचा दंड फोडला की दुसरीकडच्या वाफ्यात तुंबतं. अलीकडची खिडकी चटपटीत झाली तेव्हा रांग उठली आणि तुमच्या पाठीवर येऊन बसली. तिथं क्यूआर कोड चालत नाही, पाढे चालतात. इंधनाचीही चिंता नसते, कारण सिंगापूरची गाडी पाऊण टाकी पेट्रोल असल्याशिवाय देशाबाहेर पडूच शकत नाही. पलीकडे स्वस्त मिळतं म्हणून हा नियम आहे, अशी अफवा आहे. आमच्या मते सरकारला रांगेची लांबी ठाऊक आहे.

तुमच्या कडेनं पाण्याचे जाडजूड नळ गेलेत, ते आईनं पहिल्याच फेरीत हेरले. १९६२ च्या करारानं सिंगापूरला जोहोर नदीचं रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येतं, २०६१ पर्यंत. म्हणजे वाटणीच्या आधी ठरलेली पाण्याची पाळी वाटणीनंतरही मोडली नाही. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. आमच्या विहिरीच्या पाळीची केस अजून उभी आहे.

आता ऐकतो की २०२६ अखेरपर्यंत तुमच्या शेजारून रेल्वे सुरू करायचं ठरलं आहे. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर, चार किलोमीटर, पाचेक मिनिटं. त्यात दोन्ही देशांची तपासणी निघायच्या ठिकाणीच, एकापाठोपाठ एक. उतरलं की सरळ बाहेर. म्हणजे एका भावाच्या ओसरीवर दुसऱ्या भावाचा माणूस बसणार आणि दोघांनाही ते चालणार. अण्णा, क्यूआर कोडला मी घाबरलो नव्हतो. ते यंत्र आहे, त्याला रांग पुरून उरते. हे मात्र यंत्राचं काम दिसत नाही. भाऊ असे समजुतीनं वागायला लागले तर रांगेनं जायचं कुठे, आणि आम्ही भांडायचं कुठे?

तरी आपण वडीलकीच्या नात्यानं दोघांना आवरावं, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कायम रहिवासी (सहकुटुंब)

ता. क. – वाचलेले वीस सेकंद खर्च केलेले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यावर येऊ तेव्हा सगळे तिथंच लागतील.