यंत्राला ग्रीक येत नाही

दोन हजार वर्षांपूर्वीची गुंडाळी एआयने वाचली, असं छापून आलं. एआयने? एकट्याने?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हर्क्युलेनियम या रोमन गावातल्या एका हवेलीतलं ग्रंथालय गाडलं गेलं. पपायरसच्या गुंडाळ्यांचा कोळसा झाला. त्या काळातली बाकीची ग्रंथालयं कुजून संपली. हे भाजलं, म्हणून उरलं.

अठराव्या शतकात गुंडाळ्या सापडल्या आणि घाई सुरू झाली. कुणी सुरीने कापल्या, कुणी सोलल्या. हाती बराचसा चुराच आला. ज्यांना कुणी हात लावला नाही, त्याच आज वाचायला शिल्लक आहेत.

अडचण शाईची होती. शाई काजळीची, पपायरसचा कोळसा. क्ष-किरणांना दोन्ही जवळपास सारखेच. केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांनी एन-गेदीची जळकी हिब्रू गुंडाळी न उघडता वाचून दाखवली होती, पण तिच्या शाईत धातू होता. इथे ती सोयही नाही.

मग २०२३ मध्ये स्कॅन जगापुढे खुले केले आणि बक्षीस लावलं. केसी हँडमर या गृहस्थांनी तासन्‌तास त्या प्रतिमा न्याहाळल्या आणि वाळलेल्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा हेरल्या. तीच शाई!

कशाने हेरल्या? डोळ्यांनी.

त्या खुणेवर ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाला शाई ओळखायला तयार केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला आणि दोन साथीदारांना ७ लाख डॉलर मिळाले. हाती आले १५ स्तंभ, दोन हजारांहून अधिक ग्रीक अक्षरं. विषय सुखाचा: दुर्मीळ पदार्थ मुबलक पदार्थांपेक्षा जास्त गोड लागतो का?

आणि त्या यंत्राला ग्रीक शिकवलेलंच नव्हतं. मुद्दाम. शिकवलं असतं, तर नसलेली अक्षरंही त्याने रंगवली असती. इथे शाई आहे, तिथे नाही, एवढंच त्याने सांगायचं. अक्षरं लावली, शब्द जुळवले, अर्थ काढला तो पपायरसतज्ज्ञांनी.

वाचून झाला तो त्या गुंडाळीचा जेमतेम ५ टक्के भाग. शेकडो गुंडाळ्या अजून बंद आहेत.

त्या उलगडतील, यात शंका नाही. पैसा आहे, यंत्रं आहेत, हुशार पोरं आहेत. पण अमेरिकेतल्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ग्रीक-लॅटिनचा विभागच मोडीत काढायचं जाहीर केलं. मग उलगडलेलं वाचणार कोण?