दोन किंडलांचे वाटपपत्र : जुन्नर-आंबेगावकरांसाठी मार्गदर्शन

घरात नवे किंडल आले की पहिला आठवडा कोणीच पुस्तक वाचत नाही. जुन्याचे काय करायचे यावर बैठका होतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांना वाटण्यांचा दांडगा अनुभव आहे. बांध, विहिरीवरच्या पाण्याच्या पाळ्या, सामाईकातला आंबा यांवरून इथे पिढ्यान्‌पिढ्या तारखा पडल्या. तरीही वाचनयंत्राच्या वाटपाबाबत लेखी कार्यपद्धती उपलब्ध नव्हती. ती उणीव सदर लेखाद्वारे दूर करण्यात येत आहे.

प्रथम यादी करावी. यादीशिवाय वाटप आपल्या भागाला शोभत नाही. नाणेघाटाच्या लेण्यात, राणी नागनिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातवाहनकालीन लेखात, यज्ञांमध्ये किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले ते अंकांसह कोरलेले आहे. दोन हजार वर्षे झाली, तो लेख एकदाही चार्जिंगला लावावा लागलेला नाही. आपली यादी त्यामानाने किरकोळ : यंत्र कोणत्या सालचे, पिन कोणती, दिवा आहे का, मराठी येते का.

सालावरच बरेचसे ठरते. किंडलचे भारतातले दुकान २०१२ मध्ये उघडले, पण मराठी पुस्तके त्यात रीतसर आली डिसेंबर २०१६ मध्ये. हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या सोबतीने. त्यामुळे आतेभावाने अमेरिकेहून आणलेले, खाली बटणांची रांग असलेले २०१० चे यंत्र विकत घेतलेल्या मराठी पुस्तकापुढे हात टेकते. ई साहित्य प्रतिष्ठानच्या मोफत पीडीएफ त्यावर उघडतात, मात्र सहा इंची पडद्यावर अक्षर इतके बारीक होते की डोळ्यांचे डॉक्टरच खूश व्हावेत. या यंत्राचा एक गुण मान्य करायला हवा. प्रकाशकाची हरकत नसेल तर ते इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवते. हे कौतुक आळ्याच्या पाहुण्यांना सांगू नये. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले असे मानतात त्या रेड्याची समाधी त्यांच्या गावात आहे. इंग्रजी बोलणाऱ्या पाटीने ते हलणार नाहीत.

‘जुने म्हाताऱ्यांना देऊन टाका’ हा ठराव सर्वत्र एकमताने मंजूर होतो, आणि बैठकीला म्हातारे नसतात. वास्तविक अक्षर मोठे करता येणे, अंधारात दिवा लागणे आणि तो दिवा पिवळसर करता येणे या सोयींची गरज त्यांनाच जास्त. पिवळसर उजेड २०२१ च्या पेपरव्हाइटमध्ये आहे. २०१० च्या यंत्राला उजेडच नाही. म्हणजे न्यायाने नवे तात्यांना आणि जुने चिरंजीवांना. हा मुद्दा मांडून पाहावा. बैठक आपोआप संपते.

आता पाऊस. २०१८ पासूनचे पेपरव्हाइट दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकते, असे कंपनी सांगते. माळशेज घाटात भजी खाताना एवढे पुरे. डिंभ्याच्या धरणात पडले तर तासाचा हिशेब करू नये, दोन मीटरचा करावा.

रात्रीच्या लाईटवर कांद्याला पाणी भरायला जाताना मात्र जुने-नवे कोणतेच यंत्र नेऊ नये. उसात बिबट्या असू शकतो, म्हणून बॅटरीचा झोत उसाकडे ठेवावा आणि सोबतीला माणूस न्यावा. या कार्यपद्धतीतले हे एकच कलम विनोदाचे नाही. दिवसा बराखीशेजारी खुशाल वाचावे. या पडद्यावर कडक उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते, मोबाइलवर दिसत नाही.

खरा पेच मालकीचा. जमिनीला सातबारा आहे, माणूस गेला की वारसनोंद होते, फेरफार निघतो. किंडलवरच्या पुस्तकाला यातले काही नाही. आपण पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना घेतलेला असतो आणि तो खात्याला चिकटलेला असतो. २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून एक पुस्तक दूर बसून पुसले. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पुस्तक होते जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’. विडंबन लिहिणाऱ्याला इथे काही कामच उरत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून वायरीने यंत्रात टाकण्याची सोयही कंपनीने बंद केली.

म्हणून जुन्या यंत्रात जे आहे ते विमान मोड लावून तसेच राहू द्यावे. आपल्याकडे याला शेजारधर्माचीही जोड आहे. खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या क्षीण रेडिओ लहरी ऐकत बसलेल्या असतात आणि तिथे जाणाऱ्याला मोबाइल बंद ठेवायला सांगतात. तुमचे किंडल गप्प राहिले म्हणून विश्वाचे कोडे सुटेल असे नाही, पण बॅटरी जास्त दिवस पुरेल एवढे नक्की.

ज्या घरात दोन्ही यंत्रे सहा महिने कपाटात आहेत, तिथे वाटपाचा प्रश्न उद्भवत नाही. तिथे तिसरे घ्यायची चर्चा चालू असते.

निकाल असा. मराठी वाचणाऱ्या घराने नवे ठेवावे आणि ते वाचणाऱ्याच्या हातात द्यावे, पैसे भरणाऱ्याच्या नव्हे. जुने, इंग्रजी शिकणारे पोर घरात असेल तर त्याला, नसेल तर गावातल्या दुसऱ्या पोराला. बाहेर देण्याआधी खात्यावरून त्याची नोंद काढावी, नाहीतर ते पोर तुमच्या पैशाने पुस्तके घेईल. आणि ती जुनी बारीक पिनही सोबत द्यावी. नव्याला सी टाइप लागते, जुनी तुमच्या काही कामाची नाही.