गोलात कोण? बाबा!

आमच्या पुण्यात टर्फ भाड्याने घेऊन चालणाऱ्या खासगी फुटबॉल शिकवण्यांना हल्ली वयाची अट नाही. चिरंजीव सहा वर्षांचे, तीर्थरूप पन्नाशीचे, बॅच एकच. गोलकीपिंगची फी मात्र वेगळी. आमच्या लहानपणी ज्याला पळवत नसे, त्याला गोलात उभं करत. खांब म्हणजे दोन चपला. (वरचा बार नेमका कुठे, यावर अर्धी मॅच भांडणात जायची.) आता त्याच पदाला लॅटेक्सचे हातमोजे, गुडघ्यांना पॅड आणि शिवाय स्वतंत्र कोच.

खरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. टर्फवरचा गोल त्याच्या निम्माही नाही, म्हणून तीर्थरूपांची नुसती रुंदीच बरेच गोल वाचवते. बॅलन द'ऑर आजवर एकाच गोलकीपरला मिळालाय, 1963 साली, लेव्ह याशिनला. हे कोचने पहिल्याच दिवशी सांगितलं, फी घेतल्यावर.

2025 पासून नवा नियम आहे: कीपरने चेंडू हातात 8 सेकंदांहून जास्त ठेवला, तर समोरच्या संघाला कॉर्नर. रविवारी तीर्थरूपांनी झेप घेऊन चेंडू पकडला. टाळ्या पडल्या. त्यांना उठायलाच 12 सेकंद लागले.