परक्याच्या कण्याची काळजी

‘एक सांगू का? राग नाही ना येणार?’ या दोन प्रश्नांनंतर जे कानी पडते ते ऐकून ज्याला राग आला नाही असा गृहस्थ आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही; आणि तरीही शहरातील कोणत्याही जिममध्ये सायंकाळच्या गर्दीच्या वेळी हे दोन प्रश्न जितक्या वेळा विचारले जातात, तितक्या वेळा ‘हा बेंच रिकामा आहे का?’ हा अत्यंत आवश्यक प्रश्नही विचारला जात नसेल. प्रश्नकर्ता उत्तरासाठी खोळंबत नाही, हे सांगावयास नकोच. ज्याच्या खांद्यावर त्या क्षणी साठ किलोंचा भार आहे, ज्याने श्वास छातीत कोंडून धरला आहे आणि ज्याला मान हलविण्याचीही सोय उरलेली नाही, अशा इसमाकडून अनुमती मिळविणे हे तसे सोपे काम आहे. तो नाही म्हणू शकत नाही, आणि मौनाला संमती मानण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे.

अनोळखी मनुष्य आपल्या डोळ्यांदेखत चुकीच्या पद्धतीने व्यायाम करीत असेल तर त्यास सावध करावे किंवा कसे, हा प्रश्न सकृद्दर्शनी फारसा बिकट वाटत नाही. पाठीची पोक काढून डेडलिफ्ट ओढणारा तरुण उद्या अंथरुणाला खिळणार, असे ज्याला ढळढळीत दिसते त्याने गप्प राहणे भूतदयेला धरून नाही, असा युक्तिवाद सूचक पक्षाकडून नित्य केला जातो आणि तो ऐकावयास गोडही आहे. आम्ही मात्र या भूतदयेचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो याचे बारकाईने अवलोकन केले, तेव्हा तो केवळ उताराकडेच वाहतो असे आमच्या निदर्शनास आले. ज्याचे दंड अठरा इंचांचे आहेत, जो दीडशे किलो हिसक्यानिशी उचलतो, पाठ वाकवितो, गुडघे आत पाडतो आणि प्रत्येक सेटनंतर प्लेटा जमिनीवर आदळून इमारतीच्या पायाची परीक्षा घेतो, त्याच्या कण्याची चिंता कोणासही नसते. उलट चार जण मोबाईल उभा धरून त्याचे ते सर्व दोष भक्तिभावाने चित्रित करीत असतात. त्याच वेळी कोपऱ्यात अडीच किलोंची डंबेल्स घेऊन निरुपद्रवीपणे हात वरखाली करणाऱ्या एखाद्या पेन्शनर काकांचे कोपर बोटभर बाहेर गेले, की तीन दिशांनी तीन हितचिंतक धावून येतात. अडीच किलोंच्या चुकीने होणारी हानी आणि दीडशे किलोंच्या चुकीने होणारी हानी यांचे प्रमाण काढण्यास शाळेतले त्रैराशिक पुरे आहे. परंतु हितचिंतकाचा हिशेब निराळ्या वहीत असतो. त्या वहीत आधी समोरच्याच्या दंडाचा घेर लिहितात, मग आपल्या दंडाचा घेर लिहितात, आणि बाकी आपल्या बाजूस निघाली तरच करुणा खर्ची पडते.

या नियमाला एक पोटनियम आहे, तो स्त्रियांविषयीचा. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांतून वर्षानुवर्षे उतरणाऱ्या एखाद्या भगिनीसही, मागल्याच महिन्यात नाव नोंदविलेला आणि अद्याप डंबेल कोठून उचलून कोठे ठेवावे याविषयी सर्वस्वी अनभिज्ञ असलेला तरुण, ‘मॅडम, वजन जरा कमी घ्या, कंबरेला लागेल’ असे सांगावयास कचरत नाही. तिच्या कानात यंत्रे खुपसलेली आहेत, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली आहे, नजर आरशातील एका बिंदूवर खिळलेली आहे, म्हणजे कोणी बोलू नये यासाठी मनुष्यास करता येण्याजोगा सर्व बंदोबस्त तिने केलेला आहे. पण हातवारे करून, ती यंत्रे कानांतून काढावयास लावून, सेट अर्ध्यावर सोडावयास लावून तिच्या कमरेचे रक्षण केले जाते. या तरुणाच्या शेजारीच दुसरा तरुण पाठ मोडून घेण्याच्या उद्योगात असतो, तो मात्र त्याला दिसत नाही. दृष्टी अधू असते असे नव्हे, ती निवडक असते. दुपारच्या आडवेळी चालणाऱ्या ‘लेडीज बॅच’ला बायका का गर्दी करतात, याचा शोध घेण्यास आयोग नेमण्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की तालमीत तर वस्ताद सर्वांना टोकीतच असे, मग आजच्यांनीच काय घोडे मारले आहे? हा आक्षेप विचारार्ह आहे. कोल्हापुरातल्या गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीच्या लाल मातीत उतरलेल्या पोराने जोर मारताना कंबर ढिली सोडली तर वस्ताद नुसता सांगत नसे, खडसावीत असे, आणि प्रसंगी हातही चालवीत असे. पण त्या अधिकारापाठीमागे एक दस्तऐवज होता, मग तो कागदावर उतरलेला नसला तरी. पोर आपल्या पायांनी नारळ घेऊन आलेला असे. बापाने ‘आता ह्यो तुमचा’ म्हणून त्याला हवाली केलेला असे. त्याच्या दुधातुपाची, बदामाची, झोपेची, पहाटेच्या उठण्याची आणि संध्याकाळच्या उनाडक्यांची चौकशी वस्तादाकडे असे. पोराचा खांदा निखळला तर वस्तादाची झोप जाई, आणि शाहू महाराजांनी बांधविलेल्या खासबागेच्या मैदानात हजारो लोकांसमक्ष तो चीत झाला तर खाली गेलेली मान एकट्या पोराची नसे. उपदेश आणि जोखीम दोन्ही एकाच्याच शिरावर होती. आमचा आजचा सूचक पाहावा: तो सूचना देतो, ती अमलात आली की नाही हे दोन रेपांपर्यंत पाहतो, ‘हां, आता बरोबर’ असा दाखला देतो आणि ट्रेडमिलकडे चालता होतो. दुसऱ्या दिवशी सूचना घेणाऱ्याची मान धरली तर तिला शेक देण्यासाठी तो हजर नसतो. वस्तादकीचा मान हवा आणि वस्तादकीचा खर्च नको, असे हे प्रकरण आहे.

सत्ता हाती असूनही या व्यवसायात यश मिळतेच असे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः सूर्यनमस्काराचे निष्ठावंत उपासक होते. त्यांनी संस्थानातील शाळांतून नमस्कार सुरू केले, त्यावर मराठीत लिहिले, आणि १९३८ साली विलायतेतील वाचकांसाठी इंग्रजीतूनही पुस्तक काढले. राजाने सांगावे आणि प्रजेने वाकावे, याहून निर्दोष व्यवस्था कोणती? तरीसुद्धा १९३३ साली अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ लिहून नमस्काराने झपाटलेले एक रावबहादूर रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांना हसण्यात महाराष्ट्राने बिलकूल हयगय केली नाही. जेथे राजमान्य छंदाची ही गत झाली, तेथे महिन्याची फी भरून आलेल्या मामुली सभासदाने दुसऱ्या मामुली सभासदावर फर्मान काढावे, हे धाडस खरे.

आता सूचकाच्या ज्ञानाकडे वळू. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. १९३६ पासून ते निघू लागले आणि पुरे व्हावयास एक तपाहून अधिक काळ गेला. कुस्ती, मल्लखांब यांसारखे विषय त्यांत असे काही विस्ताराने आले आहेत की नुसता खंड उचलणे हाही एक व्यायाम व्हावा. त्या ज्ञानाचा एक मोठा गुण असा होता की वाचकाला उठून कपाटापर्यंत जावे लागे. खंड आपण होऊन कोणाच्या अंगावर चालून येत नसत. आजचे ज्ञान अर्ध्या मिनिटाच्या रीलमधून मिळते, आणि जे अर्ध्या मिनिटात मिळते ते अर्ध्या मिनिटात दुसऱ्याला दिल्यावाचून चैन पडत नाही.

‘गुडघा अंगठ्याच्या पुढे जाता कामा नये’ हे सूचकांचे आद्य सूत्रच घ्या. स्क्वॉट मारणाऱ्या कोणाही माणसाच्या बाजूस उभे राहून, किंचित वाकून, एक डोळा मिटून, गवंड्याने ओळंबा लावावा त्याप्रमाणे गुडघा आणि अंगठा यांची रेषा तपासणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी हाच प्रयोग मापे घेऊन केला. समोर फळी उभी करून गुडघा पुढे जाऊ दिला नाही, तेव्हा गुडघ्यावरचा ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरला हे खरे. पण धड पुढे झुकले आणि कमरेच्या सांध्यावरचा ताण दसपटीहून अधिक वाढला. म्हणजे सूचक महाशयांनी गुडघ्यावरचे थोडे ओझे उतरविले आणि कमरेवर कितीतरी पटींनी चढविले, आणि वर आभाराची अपेक्षाही ठेवली. आपल्या तालमीतली बैठक तर टाच उचलून, चवड्यांवर, गुडघा खुशाल पुढे सोडूनच मारतात; गामा पैलवान रोज बैठका मारीत तेव्हा हे सूत्र सांगणारा कोणी भेटला नाही, हे त्या सूत्राचे सुदैव म्हणावयाचे. दुखऱ्या गुडघ्याच्या मनुष्याने गुडघा जपावा, हे कोणीही मान्य करील. पण कोणाचा गुडघा दुखरा आहे हे बाहेरून पाहून कळत नाही, आणि विचारण्याची पद्धत तर सूचक संप्रदायात नाहीच.

शिवाय हाडे सर्वांची एका साच्यातली नसतात. ज्याच्या मांडीचे हाड लांब आहे तो स्क्वॉटमध्ये अधिक पुढे झुकणारच, नाही झुकला तर मागे कोलमडेल. ज्याच्या खुब्याची खोबण निराळ्या कोनात आहे त्याची पावले बाहेरच वळणार. बेंच प्रेस करताना पाठीची कमान करणाऱ्यास ‘पाठ टेकवा’ असे सांगण्याची चाल तर सार्वत्रिक आहे. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत डोके, खांदे आणि बैठक बेंचला टेकलेली असली म्हणजे भागते, कंबर टेकलीच पाहिजे असे तेथे मुळीच नाही. आणि ती कमान साधावयास त्या खेळाडूने कित्येक महिने घालविलेले असतात. अर्ध्यातच हात थांबविणारा कदाचित फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून थांबत असेल. ‘पूर्ण रेप मारा’ असे त्याला सांगणाऱ्याने त्याची केस पाहिलेली असते काय?

हे काम करण्यासाठी पगार घेऊन नेमलेला ट्रेनर तेथे असतोच, हे आपण सर्वच सोयीस्करपणे विसरतो. त्याचेही मौन निर्व्याज नसते. तो तुमचे खांदे दोन वेळा सरळ करील आणि तिसऱ्या वेळी ‘बाकीचे पर्सनल ट्रेनिंगमध्ये घेऊ, सर’ म्हणून पॅकेजचा कागद पुढे सरकवील. तरीही त्याच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तो निदान किंमत सांगतो.

यास्तव आमची एक तजवीज आहे, ती जिमच्या मालकांनी विचारात घ्यावी. ज्या कोणास परक्या सभासदाचा कणा, गुडघा, खांदा अगर कोपर यांविषयी सूचना द्यावयाची असेल त्याने प्रथम कचेरीत रुजू होऊन मुद्रांकावर जामीनखत लिहून द्यावे, की सदरहू सूचनेपासून सूचना घेणाऱ्यास काही इजा झाल्यास औषधपाण्याचा, शेकाचा व रजेच्या पगाराचा सर्व खर्च आपण बिनतक्रार भरू. त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात, आणि त्या दोघांच्याही दंडांचा घेर सूचना घेणाऱ्याच्या दंडांहून कमी असावा. दीडशे किलो उचलणाऱ्यास सूचना देणाराकडून जामीन घेऊ नये, त्याला दप्तरातून शौर्यपदक द्यावे. आमची खात्री आहे की या योजनेने महिन्याभरात जिममध्ये इतकी शांतता नांदेल की छताच्या भोंग्यातून ओरडणारे गाणे कोणत्या भाषेतले आहे हेही ऐकू येऊ लागेल.

योजना मंजूर होईपर्यंत काय करावे, असे वाचक विचारील. कोणी विचारले तर सांगावे, आणि विचारले तेवढेच सांगावे. कोणाची पाठ पाहून खरोखरच जीव टांगणीला लागत असेल तर ट्रेनरच्या कानावर घालावे. तो त्याच्या भाकरीचा भाग आहे. याला अपवाद एकच. बेंच प्रेसचा नुसता बार वीस किलोंचा असतो, त्यावर प्लेटा चढवून, टोकांच्या चिमट्या घट्ट लावून, मदतीला कोणी न घेता एकटाच उताणा पडलेला मनुष्य दमला, तर प्लेटा कलंडून पाडावयासही वाव उरत नाही, आणि तो बार गळ्यावर येऊन माणसे दगावली आहेत. तसे कोणी अडकलेले दिसले तर ‘एक सांगू का’ म्हणत बसू नये, धावत जाऊन दोन्ही हातांनी बार उचलावा, जागेवर ठेवावा, पाणी हवे का म्हणून विचारावे, आणि कृपा करून त्याच्या कोपरांविषयी एक अक्षरही काढू नये.