‘सम’ने याद्या सपाट करणाऱ्या महाशयांस

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे प्रत्येक ऑफिसात एक तरी सापडतातच. याद्यांची यादी हाती आली की तुम्ही पायथनमध्ये सम(याद्या, []) एवढं लिहिता आणि खुर्ची सरकवून उठता. नवशिके तोंडात बोट घालतात, तुम्ही खूश. पुढे रिपोर्ट तासन्‌तास अडकतो, तेव्हा शिव्या खायला तुम्ही जागेवर नसता.

त्या ओळीत नेमकं काय चालतं ते कधी पाहिलंत? सम रिकाम्या यादीपासून सुरुवात करून एकेक यादी अधिक चिन्हाने जोडत जातं. पायथनमध्ये हे अधिक चिन्ह जुनी यादी वाढवत नाही. ते दरवेळी कोरी यादी घेतं आणि दोन्हींतले सगळे घटक तिच्यात पुन्हा कॉपी करतं. नवा पाहुणा आला की जेवत्या पंगतीला उठवून दुसऱ्या पंगतीत बसवायचं, असला हा कारभार. दहा-दहा घटकांच्या १००० याद्या घ्या. पहिल्या फेरीत १० घटक कॉपी होतात, दुसरीत २०, तिसरीत ३०, शेवटच्या फेरीत १०,०००. बेरीज ५०,०५,०००. खरं काम होतं फक्त १०,००० घटक एकदा उचलून ठेवण्याचं! याद्या १०,००० झाल्या की हाच आकडा ५० कोटींच्या वर जातो. याद्या दहापट, कष्ट शंभरपट. तुम्ही तीन याद्यांवर चालवून पाहिलंत आणि ‘चालतंय की’ म्हणून मोकळे झालात.

कुणी सांगितलं नाही, ही सबब चालणार नाही. सम २००३ साली पायथन २.३मध्ये आलं. त्याला स्ट्रिंग जोडायला सांगा, ते साफ नकार देतं आणि जॉइन वापरा असं त्या एररमध्येच बजावतं. याद्यांना तशी आडकाठी नाही, आणि तुम्ही नेमके तिथूनच घुसलात. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये समच्या नोंदीतच लिहिलंय की असं काही जोडायचं असेल तर इटरटूल्समधलं चेन पाहा. चेन.फ्रॉम_इटरेबल तर २००८पासून, म्हणजे २.६पासून हजर आहे. ते एकेक घटक पुढे देतं, मधल्या कॉपीची भानगडच नाही. इम्पोर्टचा कंटाळा असेल तर [घटक फॉर यादी इन याद्या फॉर घटक इन यादी] लिहा. बाहेरचा फॉर आधी, आतला नंतर, साध्या लूपमध्ये असतो तसाच. एवढं टाइप करायला कितीसा वेळ लागतो?

बरं, फंक्शनचं नाव काय ठेवलंत, तर ‘सगळं_सपाट’. सपाट होतो फक्त वरचा एक थर. [[१, [२, ३]], [४]] दिलं की [१, [२, ३], ४] मिळतं; आतली यादी जशीच्या तशी. मध्ये एखादं टपल आलं तर थेट टाइपएरर. तक्रार केली तेव्हा तुम्ही रिकर्शन आणलंत: ज्याच्यावर लूप चालतो, त्याच्या आत शिरायचं. मग डेटात ‘पुणे’ आलं. पायथनने त्याचे प, उकार, ण आणि एकार असे चार तुकडे केले. पण ‘प’ हीसुद्धा एक स्ट्रिंगच. तिच्यावर लूप चालवला की आतून पुन्हा ‘प’च निघतो, त्याच्या आत पुन्हा ‘प’. सहसा हजाराच्या आसपास असलेली मर्यादा संपते आणि रिकर्शनएरर येते. यावर तुमचा उपाय असा की एकाच अक्षराची स्ट्रिंग असेल तर थांबा! एरर गेली खरी, पण गावांच्या नावांच्या जागी सुट्या मात्रा आल्या. त्या आकडेवारीवर लोक निर्णय घेतात हो. गावाचं नाव हा एक अखंड घटक आहे. आत शिरण्याआधी स्ट्रिंग आहे का हे तपासायला एक अट पुरते. ती तुम्ही लिहिली नाहीत, कारण तिने ओळ लांबली असती.

आता एवढं करा. ती ओळ स्वतःच्या हाताने बदला, दुसऱ्यावर ढकलू नका. खोली किती, हे फंक्शनच्या नावातच लिहा. सोबत एक टेस्ट जोडा: १०,००० याद्या, मध्ये एक टपल, एक रिकामी यादी आणि एक गावाचं नाव. ती पास झाल्याशिवाय रिव्ह्यूला पाठवू नका. मी मंजूर करणार नाही.

आपल्या कोडचा रोजचा वाचक