अनुभवाला गुण नाहीत

विरारच्या फुलपाड्यात पहाटे पाठीला सॅक लावून निघालेल्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही. इथे सगळ्यांच्याच पाठीला सॅक असते. जाताना तिच्यात डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असते. येताना त्यात स्टेशनबाहेरच्या मेथीच्या जुडीची भर पडते. त्यामुळे पन्नाशी ओलांडल्यावर मी कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा वेषांतराचा खर्च वाचला. सॅक तीच, चष्मा तोच, चेहऱ्यावरची अपुरी झोपही तीच. फक्त आत डब्याच्या शेजारी ‘भारतीय करार अधिनियम, १८७२’ येऊन बसला आणि आठवडाभरात त्याच्या मुखपृष्ठाला वांग्याच्या भाजीचं तेल लागलं.

गुपित फार दिवस टिकलं नाही. पापडखिंड धरणाच्या बाजूला फिरायला जाणारी मंडळी आणि जीवदानीच्या पायऱ्या चढायला निघालेले भक्त, या दोघांच्या नजरेतून फुलपाड्यात काही सुटत नाही.

“काय हो, इतक्या लवकरची गाडी? कंपनीने शिफ्ट बदलली का?”

“नाही, कॉलेजला चाललोय.”

“मुलीच्या?”

“माझ्या.”

विचारणारे गृहस्थ थबकले. मग आवाज खाली आणून, अत्यंत काळजीने म्हणाले, “घरी सगळं ठीक आहे ना?”

घरी सगळं ठीक होतं. बिघडलं होतं ते सोसायटीत. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी या नात्याने मी वर्षानुवर्षं वार्षिक सभेत ‘कन्व्हेयन्स’, ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, ‘इंडेम्निटी’ हे शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारत आलो होतो. फ्लॅट आपला झाला तरी खालची जमीन आपोआप सोसायटीच्या नावावर होत नाही, हे ज्ञान वसई-विरारमधल्या माणसाला साधारणपणे कर्ज फिटल्यानंतर होतं. १९६३ च्या मोफा (मालकी हक्काच्या सदनिकांच्या) कायद्यात ती नावावर करून देण्याची, म्हणजे कन्व्हेयन्सची, तरतूद आहे, बिल्डरने हात झटकले तर डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण एका सभेत नव्याने राहायला आलेल्या तरुण सभासदाने “काका, ते कुठल्या कलमात आहे?” असं विचारलं आणि मी सभा चहापानासाठी तहकूब केली. त्याच महिन्यात मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, फॉर्म भरला. लोक न्यायासाठी कायद्याकडे वळतात; मी पुढच्या वार्षिक सभेसाठी वळलो.

“या वयात?” हा प्रश्न मात्र मला कुठेही चुकला नाही. मी नोंदणीच्या रांगेत उभं राहण्याआधी बार कौन्सिलनेही तो विचारून झाला होता. २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० वर्षांची वयोमर्यादा होती. प्रकरण कोर्टाकोर्टांतून फिरलं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. म्हणजे आम्हा प्रौढ विद्यार्थ्यांचा पहिला खटला वर्गात पाऊल टाकण्याआधीच चालून गेला होता.

वयाच्या बाबतीत आपल्याकडे इतिहास मोठा गमतीदार आहे. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून थेट साताऱ्यापर्यंत पायी चालत गेले. तिथे परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाही’ म्हणून परत पाठवलं. त्याच माणसाने पुढे १०४ वर्षांचं आयुष्य काढलं! उलट बाजूला, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन बाराखडी गिरवायला बसल्या. तेव्हा शिक्षणात वय लहान असलं तरी अडचण आणि मोठं असलं तरी बातमी. मी नेमका मधला. माझी ना अडचण झाली, ना बातमी.

मधल्यांचे हाल रेल्वेच्या कोष्टकात सगळ्यात स्पष्ट दिसतात. विद्यार्थ्याच्या सवलतीच्या पासासाठी सर्वसाधारण गटात २५ वर्षांची मर्यादा आहे. मी खिडकीवर कॉलेजचं ओळखपत्र सरकवलं. आतल्या बाईंनी आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला आणि न बोलता ते परत सरकवलं. दुसऱ्या टोकाला ज्येष्ठ नागरिकांसाठी लांबच्या गाड्यांवर सवलत होती. ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. म्हणजे नुसतं म्हातारं होत राहण्यातही आता काही अर्थ उरलेला नाही.

तरी विरारकर विद्यार्थ्याची एक सवलत कुणी काढून घेऊ शकत नाही: गाडी इथूनच सुटते, त्यामुळे पहाटेच्या गाडीला बसायला मिळतं. चर्चगेटपर्यंतचं साठ किलोमीटर अंतर हे माझं ग्रंथालय. सकाळी सातचं लेक्चर, साडेदहाला फोर्टमधलं ऑफिस. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे. भाईंदरच्या खाडीवर टाळ निघतात आणि बोरिवलीला गजर रंगात येतो. त्यामुळे करार कायद्याचं कलम १० (पक्षकार सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, मोबदला आणि उद्देश कायदेशीर हवा) मला विठ्ठलाच्या चालीवरच पाठ आहे. परीक्षेत ते आठवायचं म्हटलं की आधी बाकावर बोटांनी ठेका धरावा लागतो. पर्यवेक्षक संशयाने पाहतात.

सकाळच्या कॉलेजची ही सोय काही आकाशातून पडलेली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा ते सकाळी भरवण्यामागे नोकरी करून शिकणाऱ्यांचा विचार होता. आधी वर्ग, मग ऑफिस, हा या शहरातल्या कष्टकऱ्यांचा जुना दिनक्रम आहे. माझे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले आणि आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं परळ-लालबाग सोडून विरारला आली. पदवी हातात पडली तो महिना संपायच्या आत मी नोकरीला लागलो होतो. त्या काळात ‘पुढे काय शिकणार?’ असं विचारण्याची पद्धत नव्हती, ‘किती देतात?’ असं विचारायचे.

वर्गात शिरताना मला एक धास्ती होती: मुलं आपल्याला प्राध्यापक समजून उभी राहतील. ती व्यर्थ ठरली. हल्ली खरे प्राध्यापक आले तरी कुणी उभं राहत नाही. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणतो, त्या मला ‘सर’ म्हणतात, आणि वर्ग मला ‘काका’ म्हणतो. मुलं प्रेमळ आहेत. नोट्सची पीडीएफ पाठवतात, झेरॉक्सवाल्याकडे माझीही प्रत काढून ठेवतात आणि परीक्षेआधी धीर देतात, “काका, केटी लागली तरी टेन्शन नका घेऊ. सगळ्यांना लागते.” फक्त एका बाबतीत ती हतबल आहेत. त्यांना माझी प्रॉक्सी लावता येत नाही. साठ मुलांतली दहा आली नाहीत तरी कळत नाही, मी एकटा आलो नाही तर मॅडम पुस्तक उघडण्याआधी विचारतात, “आज सर दिसत नाहीत?”

प्रवेश घेतला तेव्हा मला वाटत होतं, आपल्याकडे तयार भांडवल आहे. हिंदी सिनेमा पाहून मोठ्या झालेल्या माणसाला दोन कलमं तरी जन्मजात येतात: खुनाला ३०२ आणि फसवणुकीला ४२०. पण मी प्रवेश घेतला ते वर्ष होतं २०२४. त्या वर्षीच्या १ जुलैला १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आहे. कलम ३०२ मध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा राहायला आला आहे. आणि ४२० तर नव्या संहितेत नाहीच. तिची कलमंच ३५८ वर संपतात. फसवणूक ३१८ मध्ये हलली आहे. राज कपूरचा १९५५ चा ‘श्री ४२०’ आज काढायचा तर नाव बदलावं लागेल. माझी आयुष्यभराची कमाई एका तारखेला बाद झाली. एकच समाधान होतं: मॅडमही जुन्या-नव्या कलमांचं कोष्टक समोर ठेवूनच शिकवत होत्या. नोटाबंदीत जशी सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहून पाकिटं रिकामी केली, तसे त्या वर्षी वकील, पोलीस, प्राध्यापक आणि आमच्यासारखे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एकत्र आपापले आकडे बदलून घेत होते.

आकडे गेले तरी अनुभव आहे, अशी माझी पुढची समजूत. ती तुटायला ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ हा खटला पुरला. इंग्लंडातल्या लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाने पाणी साठवायला तलाव बांधला. ते पाणी खालच्या जुन्या, सोडून दिलेल्या विवरांतून झिरपून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं: धोक्याची वस्तू आपल्या जागेत आणून साठवलीत आणि ती निसटली, तर निष्काळजीपणा असो वा नसो, भरपाई द्या. गिरणीमालकाला भरपाई द्यावी लागली, हे वाचून माझ्या वडिलांना फार बरं वाटलं असतं. मला मात्र बोलायची उबळ आली. मी धरणाच्या कुशीतला रहिवासी. उठून म्हणालो, “मॅडम, आमच्या फुलपाड्यात उशाला पापडखिंड धरण आहे आणि दारात टँकर आहे. आमच्याकडे पाणी निसटून आल्याची तक्रार कुणी केलेली नाही. न आल्याची करतात. त्याला कुठला खटला लावायचा?”

वर्ग खूश झाला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “उदाहरण सुंदर आहे, सर. पेपरात लिहू नका.”

पुढे हे वाक्य मला वारंवार ऐकायला मिळालं. १८९३ चा कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला आला. आमचं औषध वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने केली होती. कार्लिल नावाच्या बाईंना फ्लू झाला आणि न्यायालयाने कंपनीला पैसे मोजायला लावले. मी लगेच लोकलच्या डब्यात चिकटवलेले बाबा-बंगालींचे कागद काढले: प्रेम, नोकरी, सवतीपासून मुक्ती, चोवीस तासांत हमखास गुण. “हा जगाला दिलेला प्रस्ताव ठरतो की नाही?” मॅडम म्हणाल्या, “उत्तम प्रश्न. पेपरात कार्लिल लिहा, बाबा नको.” अज्ञान, म्हणजे अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार मुळातच अवैध, हे सांगणारा १९०३ चा मोहरीबीबीचा खटला झाला, तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या भाडेकरारात कुणाकुणाच्या सह्या होत्या ते मला सांगायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

कॉलेजातल्या लुटुपुटीच्या मूट कोर्टात तर मी एका तेवीस वर्षांच्या मुलाला वाकून ‘माय लॉर्ड’ म्हणालो. त्याने माझा युक्तिवाद मध्येच तोडला, दोन निवाडे विचारले, माझ्याकडे एकच होता, आणि अपील फेटाळलं. संध्याकाळी तोच न्यायमूर्ती अंधेरीला माझ्या डब्यात चढला आणि त्याने विचारलं, “काका, तुमच्या कंपनीत भावासाठी काही बघाल का?”

इकडे फुलपाड्यात माझी वकिली पहिल्या सत्राच्या निकालाआधीच सुरू झाली होती. वरच्या मजल्यावरून गळती, पार्किंगमधली स्कूटर, गावच्या जमिनीचा सातबारा, मेहुण्याने बुडवलेले पैसे. पहाटे फिरायला येणारी ती मंडळी आता माझ्यासोबत थेट स्टेशनपर्यंत चालतात. मी सांगून पाहिलं की १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही. पदवीनंतर नोंदणी आहे, मग अखिल भारतीय बार परीक्षा आहे, आणि पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला सनद चालवताही येत नाही. हे ऐकून एक आजोबा म्हणाले, “म्हणजे तू शिकणार, पण उपयोग शून्य. मग शिकतोस कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या खटल्यात सापडलं नाही. ते वर्गात बसून हळूहळू कळलं. पन्नाशीनंतर माणसाला ‘चूक’ म्हणणारं कुणी उरत नाही. ऑफिसात ज्युनिअर मान डोलावतात, कारण रजा आपल्याकडे मंजूर होते. सोसायटीत ऐकून घेतात, कारण पाण्याच्या टँकरचा नंबर आपल्या फोनमध्ये असतो. घरी कुणी खोडून काढत नाही, कारण घरी कुणी ऐकतच नाही. अशाने आपलं प्रत्येक मत आपल्याला सिद्धान्त वाटू लागतं आणि ‘मी तीस वर्षं बघतोय’ हा पुरावा. वर्ग ही एकमेव जागा, जिथे तीस वर्षांची साक्ष दोन गुणांच्या उपप्रश्नालाही पुरत नाही. तिथे विचारतात: कलम कुठलं? निवाडा कुठला? सही करण्यापलीकडे वर्षानुवर्षं काही न लिहिलेला हात पुरवण्यांवर पुरवण्या लिहून सुजतो आणि तरी परीक्षकाला आपण कोण ते ठाऊक नसतं. त्याच्या लेखी आपण एक बैठक क्रमांक. या वयात इतकी निखळ वागणूक दुसरीकडे पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून मी फी देतो.

तेव्हा वाचकहो, आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलं असेल, तर योगासनांच्या आधी कॉलेजचा विचार करा. रोज जाणं जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुमच्यासारख्यांसाठीच आहे. पदवी हाताशी असेल तर कायद्याची सीईटी द्या. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि इतकी उदार परीक्षा संसारी माणसाच्या वाट्याला पुन्हा येत नाही. फक्त शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधायला घ्या. अभ्यास तीन वर्षांत संपतो. माळ्यावरच्या कुठल्या ट्रंकेत दाखला आहे, ते सांगायला त्याहून जास्त वेळ लागतो.