एकास बहात्तर प्रमाणातील सभाशास्त्र

प्लॅस्टिकच्या किटमधून विमाने, रणगाडे आणि जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवणे हा मुळात एकट्याने, दार लावून आणि घरच्यांच्या नजरा चुकवून करावयाचा उद्योग आहे. त्यामुळे अशा उद्योगात रमलेल्या माणसांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, अध्यक्ष निवडावा, वर्गणी भरावी आणि इतिवृत्त कायम करावे, ही कल्पना ज्यांना प्रथम सुचली त्यांच्या आशावादाचे कौतुकच करावयास हवे. ब्रिटनमध्ये 1963 साली ‘इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी’ स्थापन झाली, पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिची शाखा निघाली, आणि तेव्हापासून चर्चला जोडलेल्या सभागृहांत किंवा पबच्या माडीवर या छांदिष्टांचे मेळावे भरत आले आहेत. तेथे जमणारी मंडळी समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातातील खोक्याकडे आधी पाहतात, आणि हे अगत्याचेच लक्षण मानले जाते.

या मंडळींच्या सभेचे कामकाज समजण्यासाठी ‘प्रमाण’ या संकल्पनेची ओळख आवश्यक आहे. मूळ वस्तू जितक्या पटीने लहान केली असेल तो आकडा म्हणजे तिचे प्रमाण, आणि विमानांसाठी रूढ असलेल्या 1:72 या प्रमाणात सहा फुटांची लांबी बरोबर एका इंचात बसते, म्हणजे सहा फुटी वैमानिक एक इंच उंचीचा होतो. ‘फ्रॉग पेंग्विन’ या ब्रिटिश किटांनी 1936 पासून हे प्रमाण रुळवले. रणगाड्यांच्या 1:35 या प्रमाणामागे मात्र असे कोणतेही गणिती सौंदर्य नाही. जपानच्या तामिया कंपनीने 1961 साली पँथर रणगाड्याचे किट काढले तेव्हा त्याच्या पोटात मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे हा हिशेब आधी झाला, प्रमाण मागाहून मोजले गेले, आणि आज त्याच प्रमाणाच्या शुद्धतेसाठी प्रौढ माणसे आवाज चढवतात. दिवाळीच्या किल्ल्यावर महादरवाजापेक्षा उंच मावळा पहाऱ्याला उभा राहतो आणि कोणाचेही काही बिघडत नाही. तोच मावळा एखाद्या मॉडेलर्स क्लबच्या टेबलावर गेला तर त्याच्याविरुद्ध ठराव येईल, आणि त्याला अनुमोदन मिळण्यासही वेळ लागणार नाही.

सभेचे औपचारिक कामकाज पंधरा मिनिटांत उरकणे हे चिटणिसाचे आद्य कर्तव्य होय. मागील सभेचे इतिवृत्त, कोषाध्यक्षांचे निवेदन आणि सभागृहाचे भाडे हे विषय निर्धोक असतात, कारण त्यांत कोणालाही रस नसतो. धोका असतो तो अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, आणि त्यांतही रंगाच्या विषयात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांच्या कापडावर ‘पीसी 10’ नावाचे संरक्षक रंगलेपन केले जाई. त्यात पिवळी गेरूवर्गीय माती आणि काजळी यांचे मिश्रण असे, आणि ते नवे असताना, जुने झाल्यावर व वॉर्निश चढवल्यावर वेगवेगळे दिसे. परिणामी हा रंग हिरवट होता की तपकिरी, या प्रश्नावर अभ्यासकांचे दोन तट पडले आहेत. त्या विमानांचे कापड केव्हाच कुजले, वाद मात्र अद्याप टणक आहे. त्यात भर म्हणून ‘प्रमाणपरिणाम’ नावाचा सिद्धान्त मांडला जातो: लांबची वस्तू हवेच्या थरामुळे फिकट दिसते, प्रतिकृती ही जणू लांबून पाहिलेली मूळ वस्तूच असते, म्हणून तिचा रंगही मुळापेक्षा फिकट द्यावा. किती फिकट, हे विचारणाऱ्या सभासदाने शेवटची बस चुकवण्याची तयारी ठेवावी.

सुज्ञ कार्यकारिणी म्हणूनच तोंडे अडकवण्याऐवजी हात अडकवते, म्हणजे प्रात्यक्षिक ठेवते. विमानाच्या बिनतारी संदेशाची तार बनवण्याचे प्रात्यक्षिक यासाठी विशेष उपयुक्त आहे. किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांच्या चौकटीला जोडून येतात तिला स्प्रू म्हणतात. तिचा वीतभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून बोटांनी सावकाश फिरवायचा, मधला भाग चकाकून किंचित लवू लागला की ज्योतीपासून बाजूला घ्यायचा, आणि मगच दोन्ही टोके ओढायची. सावकाश ओढले तर सुतळी निघते, झटक्यात ओढले तर केसाहून बारीक तंतू निघतो, आणि घाईने ज्योतीवरच ओढले तर दोन हातांत दोन तुकडे व नाकात काळा वास उरतो. हे करताना संपूर्ण सभागृह श्वास रोखून गप्प बसते. कोणत्याही अध्यक्षाला घंटा वाजवून जे साधलेले नाही ते पाच पैशांच्या टाकाऊ प्लॅस्टिकने साधते, हे संघटनशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावे.

कामकाजानंतरचे प्रतिकृतींचे टेबल हा सभेचा खरा गाभा असतो. तेथे पूर्ण झालेल्या वस्तूंइतकाच मान अर्धवट वस्तूंना मिळतो, आणि एकच पंख जोडलेले विमान तीन वर्षे दर महिन्याला हजेरी लावून जाते. ‘हे कधी पूर्ण होणार?’ असे विचारणे येथे असभ्यपणाचे समजले जाते, कारण प्रत्येक घरात न उघडलेल्या किटांचा जो ढीग असतो त्याचा मालकाच्या उरलेल्या आयुष्याशी मेळ बसत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. आपल्या पश्चात पत्नीने तो ढीग तिला सांगितलेल्या किमतीला विकू नये, ही या छंदातील सर्वांत जुनी आणि सर्वांत प्रामाणिक चिंता आहे. या ढिगावर उपाय म्हणून ‘समूहबांधणी’ योजतात, म्हणजे सर्वांनी एकच किट किंवा एकच विषय घेऊन ठरलेल्या तारखेपर्यंत काम संपवायचे. तारीख पुढे ढकलण्याचा ठराव बहुधा एकमताने संमत होतो. क्लबच्या इतिहासात इतके मतैक्य अन्यत्र आढळत नाही.

स्पर्धांविषयी थोडक्यात सांगितलेले बरे. अमेरिकेतील सोसायटीत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक पारंपरिक रीतीने ठरतात, तर चिलखती वाहनांच्या एका संस्थेत प्रत्येक प्रतिकृती स्वतंत्र निकषावर तोलून सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक दिले जाते. परीक्षक छोटी विजेरी घेऊन वाकतात आणि न बुजलेला सांधा, डिंकाचा डाग, वाकडे बसलेले चाक किंवा पाण्याने चिकटवलेल्या चिन्हाखाली हवा अडकून आलेली चांदीसारखी चमक शोधतात. वर्षभर खपून ज्याने विमानाच्या आत इंजिनाची प्रत्येक नळी बसवली, त्याचा क्रमांक पंखाच्या कडेवरील एका रेषेपायी जातो, आणि हे न्याय्यच आहे. पायाभूत काम न करता बारकाव्यांचे प्रदर्शन मांडणाऱ्यास कोणीतरी अडवायलाच हवे.

या सर्व उपक्रमांत मुलांचे टेबल सर्वाधिक यशस्वी ठरते. प्रदर्शनाच्या दिवशी लहान मुलांना डिंकाविना जुळणारे सोपे किट फुकट देऊन ते तेथेच जोडू देतात आणि घरी नेऊ देतात. तासाभरात विमान तयार होते, पंख क्वचित उलटा बसतो, चिन्हे एकाच बाजूला दाटी करतात, आणि मालक ते हातात धरून तोंडाने इंजिनाचा आवाज काढत, खुर्च्यांमधून धावपट्टी शोधत निघून जातो. रंग हिरवट की तपकिरी, हा प्रश्न त्याला पडत नाही. ज्या कार्यकारिणीला पुढील वर्षाचा कार्यक्रम आखावयाचा असेल तिने हे टेबल कोपऱ्यात न ठेवता दाराजवळ मांडावे, भाग कापण्याची धारदार कटर मोठ्यांच्या हाती राहू द्यावी, आणि ज्येष्ठ परीक्षकांना त्या दिवशी चहाच्या व्यवस्थेवर नेमावे.